मागचं गेट उघडा

सकाळी साडेनऊनंतर बेळगावजवळच्या आमच्या कॉलनीत हाक मारली तर ओ द्यायला माणूस नसतो. मी पावणेसातला घर सोडते, कारण मला धारवाडला वेळेत टेबलावर बसायचं असतं. नवरा साडेआठला उद्यमबागेच्या कारखान्यांकडं निघतो. डावीकडच्या घरातले दोघं मच्छेच्या कारखान्यात, उजवीकडचे हत्तरगीला. समोरच्या घरातली सून शिनोळीला एका कारखान्याचे हिशेब बघते, म्हणजे रोज हद्द ओलांडून महाराष्ट्रात कामाला जाते आणि रोज हद्द ओलांडून कर्नाटकात झोपायला येते. तिचा नवरा रविवारी रात्री पुण्याच्या गाडीत बसतो, तो शुक्रवारी रात्रीच घरी उगवतो. सव्वाआठला पिवळ्या स्कूलबसा येऊन पोरांना घेऊन जातात. मग उरतात म्हातारी माणसं, कामाला आलेल्या बाया, गेटवरचा वॉचमन आणि पार्सल घेऊन घरं शोधणारी पोरं.

येळ्ळूर रस्त्याला वडगाव मागं टाकलं की अशा बऱ्याच कॉलन्या लागतात. आमची त्यातलीच एक. सहा एकर जमीन, एकशे दहा साईट म्हणजे घरांचे प्लॉट, मधोमध उद्यान, चारी बाजूंनी सात फुटी भिंत, पुढं मोठं गेट आणि मागं शिवाराच्या अंगाला एक लहान गेट. मंजूर नकाशात या मागच्या गेटाच्या जागी रस्ता दाखवलेला आहे. पूर्वी तिथं गाडीवाट होती, येळ्ळूरची माणसं त्या वाटेनं शेताला जात. गेली तीन वर्षं त्या गेटाला कुलूप आहे. रहिवाशांच्या बैठकीत ठराव होऊन ते लावलं गेलं, आणि त्या ठरावावर माझीही सही आहे.

गेल्या वर्षी श्रावणात, भांगलणीच्या म्हणजे तण काढायच्या दिवसांत, माझ्या सासूबाई परसात पडल्या. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. धुण्याच्या दगडाजवळ शेवाळ धरलं होतं, पाय सरकला आणि त्या कुशीवर आपटल्या. वेळ साडेदहाची. फोन आत देवघरात चार्जिंगला. त्यांनी हाका मारल्या. शेजारचं घर बंद, त्या पलीकडचं बंद. भिंतीच्या पल्याड मात्र भातात चार बाया भांगलत होत्या. त्यांतल्या एकीनं हाक ऐकली. ती बांधावरून भिंतीपर्यंत आली, मागच्या गेटाशी गेली, कुलूप बघितलं, आणि गुडघाभर चिखलातून वळसा घालून मुख्य रस्त्याला लागून पुढच्या गेटावर पोचली. हा वळसा दीड किलोमीटरचा आहे. मी नंतर स्वतः चालून बघितला.

गेटावर तिला घर नंबर विचारला. तिला कुठला ठाऊक असायला? "मागनं तिसरं घर, पेरवाचं झाड हाय बगा," एवढंच ती सांगत राहिली. वॉचमननं नियमाप्रमाणं मालकाला फोन लावायला घेतला. माझा फोन धारवाडला ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, नवऱ्याचा मशीनच्या आवाजात. शेवटी तोच गेट टाकून तिच्याबरोबर धावला. आक्का चिखलात पडल्याला तोवर पाऊण तास झाला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. आता त्या वॉकर धरून चालतात.

वॉचमनला मी एका शब्दानं बोलले नाही. बैलहोंगलकडचा गरीब माणूस, आम्ही लिहून दिलेला नियम त्यानं पाळला. नियम आमचा होता. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट घोळतेय. ज्या बाईला आत येऊ द्यायचं नाही म्हणून आम्ही कुलूप घातलं होतं, त्या दिवशी आमच्या घराच्या सर्वांत जवळ तीच होती.

बेळगावातल्या आपल्या मराठी माणसांना मला हे सांगायचंय, की आपण शेतावर घरं बांधली पण गावात राहायला गेलो नाही. आपण दिवसभर शहरात, रात्री कॉलनीत, आणि ज्या गावच्या सर्व्हे नंबरावर आपलं घर आहे त्या गावात कधीच नाही. असं राहणं म्हातारपणाला महाग पडतं, शेतीला महाग पडतं आणि ज्या मराठीसाठी आपण गेली सत्तर वर्षं भांडतोय तिलाही महाग पडतं. यावर उपाय आहे आणि तो आपल्या हातात आहे. ज्या गावच्या शिवारात आपली कॉलनी आहे त्या गावचे आपण व्हायला हवं, अगदी मतदारयादीपासून नाल्यापर्यंत.

शहराबाहेर जाऊन राहणं यात मला काही चूक दिसत नाही. शहापुरातल्या आमच्या जुन्या घरात दोन खोल्यांत नऊ माणसं होती. पहाटे चारला नळाचं पाणी यायचं आणि रात्री गाडी लावायला जागा मिळायची नाही. मोकळी हवा, पोरांना खेळायला जागा, म्हातारपणी जिने चढावे लागू नयेत, या साध्या गरजा आहेत. बेळगावची माणसं शंभर वर्षांपूर्वीही अशीच बाहेर पडली. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीच्या बाजूला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते त्या एकाच अधिवेशनाचे. शहराबाहेरच्या मोकळ्या जागेवर विजयनगर नावाचा तळ उभा राहिला. येणाऱ्या माणसांना पाणी हवं म्हणून तिथं विहीर खोदली, पंपा सरोवर नाव दिलं. आपण तिला काँग्रेस विहीर म्हणतो, आजही ती जागेवर आहे. पुढं त्या भागात बंगले वाढत गेले, पण रस्ते सगळ्यांना खुले राहिले. आज टिळकवाडीतून कुणीही कुठूनही चालत जाऊ शकतो. हिंदवाडीतून अनगोळला जाणाऱ्या माणसाला कुणी घर नंबर विचारत नाही. त्या काळच्या मध्यमवर्गाला भिंतीची गरज वाटली नव्हती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता आपल्या जमिनीचा हिशेब बघू. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. लेआउटमधून रस्ते, उद्यान आणि नागरी सुविधांची जागा सोडली की निम्म्याहून थोडी जास्त जमीन साईटला उरते. तीस बाय चाळीसच्या साधारण वीस साईट एका एकरात बसतात. त्याच एकरात पावसाळ्यात भात निघायचं आणि भात कापून झाल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, जुने बेळगाव या शिवारांची काळी जमीन अशी आहे की हिवाळी पिकाला वेगळं पाणी द्यावं लागत नाही. बेळगाव बासमतीचा वास ज्यांनी लहानपणी घेतलाय त्यांना मी काय सांगतेय ते कळेल. एका घरात भात शिजला की गल्लीला कळायचं.

ही जमीन वाचावी म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी काय सोसलंय हे आपण वर्तमानपत्रात वाचत आलोय. हलगा-मच्छे बायपाससाठी उभ्या पिकात जेसीबी घातले, शेतकरी त्यांच्यापुढं आडवे झाले, कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. हलग्याला सांडपाणी प्रकल्पासाठी पुन्हा सुपीक जमीनच घेतली. रिंगरोडच्या नोटिसा तालुक्यातल्या गावोगाव आल्या तेव्हा मोर्चे निघाले, आणि त्या मोर्चांत आपल्यातले बरेच जण चालले. मीही गेले होते. सरकार जमीन घेतं तेव्हा आपल्याला अन्याय दिसतो, आणि तो असतोच. पण साईटच्या रूपानं तीच जमीन आपण घेतो तेव्हा आपण तिला गुंतवणूक म्हणतो. २०२० ला कर्नाटकानं भूसुधारणा कायदा बदलला, शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली, तेव्हापासून हा ओघ वाढलाय.

शेतकऱ्यानं स्वखुशीनं विकली असं कुणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. सहा एकरांचे चार भावांत तुकडे झाले, पोरगं डिप्लोमा करून उद्यमबागेत लागलं, बायकोचं आजारपण आलं, मग एजंट आला. त्या घरावर मी दोष ठेवणार नाही. पण ज्यानं विकली तो पैसे घेऊन बाजूला झाला, आणि ज्यानं विकली नाही तो आपल्या भिंतीला लागून अजून भात लावतोय. त्याचं काय होतं, हे बघायची जबाबदारी आपली आहे.

त्याचं होतं ते असं. साईट घेतली की आपण पहिल्यांदा मुरूम टाकतो. काळ्या जमिनीत पाया खचतो म्हणून दोन-तीन फुटांचा भराव करतो, त्यावर जोतं घेतो. रस्ता उंच, घर उंच, अंगण फरशीचं. पूर्वी सहा एकरांत मुरणारं पाणी आता मुरत नाही, एका पाइपातून मागच्या शेतात जातं आणि तिथून बळ्ळारी नाल्याकडं. नाला आधीच गाळानं आणि अतिक्रमणानं अरुंद झालेला. मोठा पाऊस झाला की नाल्याचंच पाणी उलटं शिवारात पसरतं. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात तो फोटो येतो, पाण्याखाली गेलेलं भात आणि बांधावर उभा शेतकरी.

आपल्याकडं धूळवाफ पेरणी करतात. मृगाच्या आधी कोरड्या मातीत बी पडतं आणि पहिल्या पावसाची वाट बघतं. उगवण व्हायच्या आधी पाणी तुंबलं तर बी जागीच कुजतं, मग दुसऱ्यांदा पेरायचं. बियाणं पुन्हा, ट्रॅक्टरचं भाडं पुन्हा, मजुरी पुन्हा. आमच्या मागच्या शेतात दोन वर्षांत दोनदा असं झालं. शेतकऱ्याची बायको, तीच जी आक्कांसाठी धावली, मला म्हणाली, "बाई, तुमी वर गेला, आमी खाली ऱ्हायलो. पाणी कुठं जाणार? आमच्यातच येऊलंय." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र तो ऐकू आला असता तर बरं वाटलं असतं, कारण मग मला काही उत्तर देता आलं असतं.

आणि ते पाणी नुसतं पावसाचं असतं तर निदान स्वच्छ असतं. कॉलनीत सांडपाणी शुद्ध करायची टाकी आहे. तिची मोटर चालवायला वीज लागते, देखभालीला माणूस लागतो, आणि महिन्याच्या मेंटेनन्सवरून बैठकीत वाद झाला की पहिली कात्री तिथंच लागते. उद्यानातल्या दिव्यांना कधी लागत नाही. मी हिशेबाचा कागद बघितलाय म्हणून लिहितेय. दोन महिने मोटर बंद होती. त्या दोन महिन्यांचं पाणी कुठं गेलं हे विचारायला एकही जण उठला नाही, कारण ते भिंतीच्या बाहेर गेलं होतं.

आता भाषेबद्दल. हे लिहिताना मला जास्त वाईट वाटतं.

१९५६ पासून आपण सीमाप्रश्न जगतोय. त्यासाठी नेमलेला महाजन आयोग आला, १९६७ ला त्याचा अहवाल आला, महाराष्ट्रानं तो नाकारला, २००४ ला दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. महाराष्ट्राची मागणी आठशे पासष्ट गावांची. हा सगळा दावा गावांवर उभा आहे. त्याचे निकष भाषा, भौगोलिक सलगता, लोकांची इच्छा, आणि घटक म्हणून खेडं. येळ्ळूरच्या वेशीवरच्या 'महाराष्ट्र राज्य' या फलकासाठी २०१४ च्या जुलैत त्या गावानं पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या. त्या गावात हिवाळ्यात मराठी साहित्य संमेलन भरतं. कडोलीला भरतं, उचगावला भरतं, सांबऱ्याला भरतं. शेतकरी वर्गणी काढतात, मांडव घालतात, पुण्या-मुंबईच्या लेखकाला बैलगाडीतून मिरवतात, आणि ग्रंथदिंडीत बाया डोक्यावर कलश घेऊन चालतात. कुस्तीचं मैदान असतं तेव्हा पंचक्रोशी लोटते.

आमच्या कॉलनीपासून येळ्ळूर किती लांब? गाडीनं दहा मिनिटं. संमेलनाला एकशे दहा साईटमधून गेल्या वर्षी आम्ही तीन माणसं गेलो. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त घरांत मराठी बोलतात. ही घरं वाचणारी आहेत, शिकलेली आहेत, त्यांच्याकडं पैसा आहे. गणपत गल्लीतलं १८४८ चं सार्वजनिक वाचनालय याच वर्गातल्या माणसांनी वाढवलं. शहापूरच्या सरस्वती वाचनालयात आक्का लग्न होऊन आल्यापासून पुस्तकं आणत. आमच्या क्लबहाउसमध्ये ट्रेडमिल आहे, टेबल टेनिस आहे, पुस्तकाचं एक कपाट नाही. सीमाभागातली मराठी गावानं आणि गल्लीनं जपली. त्या दोन्हींतून सर्वांत आधी बाहेर पडलो ते आपण, ज्यांची ऐपत होती ते.

आक्का उत्तम कानडी बोलतात. शहापूर सांगली संस्थानातलं गाव, एका बाजूला मागवाल्यांची कानडी घरं, दुसऱ्या बाजूला मराठी सोनार, मधे सगळ्यांचा एक कट्टा. दुपारी बाया कट्ट्यावर बसून शेंगा फोडायच्या आणि एकमेकींची भाषा उचलायच्या. माझा मुलगा या कॉलनीत वाढला. त्याच्या खेळगड्यांत धारवाडचे, बागलकोटचे, गोव्याचे, लष्करातून निवृत्त झालेल्यांचे, सगळे होते. त्यांच्यात त्यानं कुठली भाषा उचलली? इंग्रजी आणि थोडी हिंदी. शेजारच्या कानडी घरातल्या मुलीचंही तेच झालं, तिच्या आजीला ते खुपतं जसं मला खुपतं. आम्ही दोघी एकदा उद्यानातल्या बाकावर हे बोलत बसलो होतो, ती कानडीत, मी मराठीत. सीमाभागातल्या भांडणात ज्या दोन भाषा समोरासमोर उभ्या आहेत, त्या दोन्ही आमच्या कॉलनीत एकाच वेळी मागं पडल्यात. हे कुठल्या सरकारनं केलेलं नाही. पोरांना एकत्र आणणारी गल्ली आपण काढून टाकली आणि तिच्या जागी शाळेची बस ठेवली.

येळ्ळूरच्या मराठी शाळेत या पोरांना घाला असं मी म्हणणार नाही, मी स्वतः घातलं नाही. पण त्या शाळेच्या गॅदरिंगला जाणं, तिच्या शाळा सुधारणा समितीला संगणक मिळवून देणं, शनिवारी दोन तास गणित शिकवणं, हे आपल्यातला कुठलाही इंजिनिअर करू शकतो. तो करत नाही, कारण ती शाळा त्याला आपली वाटत नाही. ती आपली का वाटत नाही, याचं एक साधं कारण मतदारयादीत आहे. आमच्या कॉलनीतल्या बहुतेकांची नावं अजून शहरातल्या जुन्या वॉर्डात आहेत. आम्ही मत शहापुरात देतो, घरपट्टी पंचायतीत भरतो आणि तक्रार वाहिनीवर करतो. पंचायतीच्या सदस्याकडं रस्त्याचं गाऱ्हाणं घेऊन गेलो तेव्हा तो सरळ म्हणाला, "तुमचं मत हितं कुठं हाय?" मला राग आला होता. घरी येऊन विचार केला तेव्हा त्याचं पटलं.

बसचंही तसंच. आमच्याकडं कामाला येणाऱ्या बाया येळ्ळूरहून, धामण्याहून येतात. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या साध्या बसमध्ये इथल्या बायकांना तिकीट लागत नाही. या बायांना त्याचा मोठा आधार आहे, महिन्याचे पैसे वाचतात. पण बस मुख्य रस्त्याला थांबते, तिथून पुढच्या गेटापर्यंत चालत यायचं, आणि तिथून मागच्या ओळीतल्या घरापर्यंत पुन्हा चालत. मागचं गेट उघडं असतं तर बांधावरून दहा मिनिटांत घर आलं असतं. सकाळी सातला आलेली बाई दुपारी दोनला त्याच वळशानं परत जाते, पावसात साडी वर खोचून. बस आत वळावी असा अर्ज परिवहनकडं करा म्हटलं तर बैठकीत उत्तर मिळालं, आपल्याला बस कशाला लागते? खरंच, आपल्याला लागत नाही. घरागणिक दोन गाड्या आहेत. त्या सगळ्या गाड्या साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान एकाच रस्त्यानं शहरात घुसतात, आणि मग टिळकवाडीच्या पहिल्या-दुसऱ्या रेल्वे गेटाशी गाडी आली की रांग पार मागं जाते. रोज तिथं अडकून आपण महापालिकेला शिव्या देतो. एक बस साठ माणसं नेते. ती आत आली, वेळेवर आली, तर आपल्यातलेही काही बसतील. मी बसेन.

ही सगळी बोलणी मी बैठकीत काढली तेव्हा मला विरोध झाला, आणि विरोध करणारी माणसं वाईट नाहीत. त्यांचं सर्वांत मोठं म्हणणं चोरीचं. दिवसा घरफोड्या होतात, हे खरं आहे. आमच्याच कॉलनीत दोन झाल्या, एका घरातून लग्नासाठी करून ठेवलेले दागिने गेले. त्या बाईचं रडणं मी ऐकलंय, तिची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण त्या दोन्ही चोऱ्या मागच्या गेटाला कुलूप असताना झाल्या. चोर पुढच्या गेटातून आला की भिंतीवरून, ते कळलं नाही. एवढं कळलं की भरदुपारी तो दोन तास त्या गल्लीत होता आणि त्याला बघायला कुणी नव्हतं. शहापुरात आमचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. अनोळखी माणूस गल्लीत शिरला की चार कट्ट्यांवरून "कोण पायजे?" म्हणून हाक यायची. राखण माणसं करतात. मागच्या वाटेनं दिवसातून पन्नास ओळखीची माणसं शेताला जाऊ-येऊ लागली, तर ती पन्नास जोडी डोळे आपल्याला फुकट मिळतील. आक्का पडल्या तेव्हा ऐकणारे कान तिकडचेच होते.

दुसरं म्हणणं, आम्ही पैसे मोजून शांतता घेतलीय. तुम्ही साईट घेतलीय, हे माझं उत्तर. रस्ता विकत घेतलेला नाही. मंजूर लेआउटमधले रस्ते आणि उद्यान कायद्याप्रमाणं स्थानिक संस्थेच्या स्वाधीन करावे लागतात. ते खासगी राहत नाहीत, आणि रहिवाशांना ते अडवता येत नाहीत हे कर्नाटक उच्च न्यायालयानंही बंगळूरच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. आपल्या गेटावर लावलेल्या 'खासगी रस्ता' या पाटीला कायद्याचा आधार नाही. ज्या माणसांची गाडीवाट होती त्यांना आपण ती बंद केली, तीही आपला हक्क नसताना.

तिसरं म्हणणं मला जास्त विचार करायला लावणारं वाटलं. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "बाई, आपण गेट उघडलं म्हणून गाव आपल्याला आपलं म्हणेल का? त्यांच्या लेखी आपण साईटवालेच राहणार." हे खरं आहे. वर्ष-दोन वर्षं तसंच राहील. गावाला आपण आजवर दिलंय काय? मुरुमाचे डंपर आणि सांडपाणी. विश्वास मागून मिळत नसतो, त्यासाठी आपल्याला आधी काही करावं लागेल. टाकीची मोटर रोज चालवू, तिचा खर्च मेंटेनन्समध्ये पहिल्या ओळीत लिहू. पावसाच्या पाण्यासाठी उद्यानात खड्डे घेऊ, म्हणजे निदान काही पाणी आत मुरेल. मतदारयादीत नावं हलवू आणि ग्रामसभेला जाऊन खाली बसू. नागरी सुविधेसाठी सोडलेली जागा, जिला आपण सीए साईट म्हणतो, तिच्यावर दुसरं क्लबहाउस बांधायचं घाटतंय; त्याऐवजी बाहेरच्या अंगाला दार असलेलं वाचनालय होऊ दे, मराठी आणि कानडी दोन्ही कपाटांचं, येळ्ळूरच्या पोरांना संध्याकाळी अभ्यासाला बसता येईल असं. बळ्ळारी नाल्याचा गाळ काढायची मागणी शेतकरी एकटे करत आलेत. त्या निवेदनावर एकशे दहा सह्या आपल्याही असू देत. त्यांतले चार-पाच जण इंजिनिअर आहेत, दोन वकील आहेत, एक निवृत्त तहसीलदार आहेत. या माणसांचं ज्ञान गावाला आजवर मिळालेलं नाही.

आमच्यापुरता मी एक बदल केलाय. घरात कायमची बाई ठेवायची ऐपत आहे, ती ठेवली. पण दर गुरुवारी मला सुट्टी मिळते तेव्हा आक्कांना खुर्चीत बसवून मागच्या गेटाशी नेते. कुलूप तसंच आहे, जाळीतून पलीकडचं दिसतं. शेतकऱ्याची बायको काम थांबवून जाळीपाशी येते, दोघी बोलत बसतात. ती मुठीनं शेंगा देते जाळीतून, आक्का तिला घरचं लोणचं देतात, बरणी जाळीतून जात नाही म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. गेल्या गुरुवारी आक्का तिला विचारत होत्या, तुझ्या सुनेला कितवा महिना लागला. नात्यातल्या कुणाबद्दल विचारावं तशा.

येत्या रविवारी सकाळी दहाला कॉलनीची बैठक आहे. गेट सकाळी सहा ते संध्याकाळी सात उघडं ठेवावं, असा लेखी ठराव मी दिलाय. अनुमोदनाला शेजारच्या कानडी आजी आहेत, शिनोळीला जाणारी सून आहे, आणि ज्यांच्याकडं चोरी झाली त्या बाईनं अजून हो किंवा नाही म्हटलेलं नाही. तिच्याकडं मी उद्या संध्याकाळी आक्कांना घेऊन जाणार आहे. मागच्या शेतात नांगरट झालीय, पंधरा दिवसांत धूळवाफ पेरणी सुरू होईल.